आकडा येईपर्यंत

सोमवार, २ मार्च

नवऱ्याच्या मोज्याला आज भोक पडलं. पायातल्या नव्हे. तो ज्या बंद काचेच्या पेटीत हात घालून काम करतो, तिला कोपरापर्यंत येणारे जाड रबरी हातमोजे जोडलेले असतात, त्यातल्या डाव्याला. आत अमेरिशियमचं द्रावण एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचं काम चाललं होतं. धुराची वर्दी देणाऱ्या यंत्रात जो किरणोत्सारी ठिपका बसवतात, तो याच मालाचा. मोजा कधी फाटला ते कळलं नाही. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडताना हात तपासले तेव्हा यंत्र ओरडलं. नाकात बोळा फिरवला, त्यावरही ओरडलं. म्हणजे श्वासातून आत गेलंय.

साहेब जिना उतरून माझ्या टेबलापाशी आले तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. ते स्वतः उठून कुणाकडे जात नाहीत.

दुपारी त्याला पोलादी खोलीत झोपवलं. या खोलीच्या भिंती हातभर जाड आहेत, बाहेरचे किरण आत येऊ नयेत म्हणून. छातीवर दोन डिटेक्टर टेकवले आणि पाऊण तास हलायचं नाही असं बजावलं. आमचा गृहस्थ सिनेमासुद्धा एका जागी बसून बघत नाही. मी बाहेर पडद्यासमोर. पडद्यावरच्या आलेखात अमेरिशियमची रेघ जिथे उगवायची तिथे उगवली. ही रेघ मी शेकडो वेळा पाहिली आहे, पण दर वेळी पैलवानाच्या छातीतून.

पैलवान म्हणजे आमचा प्लास्टिकचा धडपुतळा. डोकं नाही, हात नाहीत, छाती मात्र अशी की दारातून आडवी न्यावी लागते. त्याच्या फुप्फुसांत किती अमेरिशियम भरलंय ते आम्हाला ठाऊक असतं. तिथून निघालेल्या हजार गॅमा किरणांपैकी डिटेक्टर जेमतेम पाच मोजतो; बाकीचे छातीत जिरतात नाहीतर भलतीकडे जातात. हजारात पाच, ही डिटेक्टरची कार्यक्षमता. मग माणूस कुणीही येवो, त्याला आम्ही याच मापाने मोजतो. त्या मापाने नवऱ्याचा आकडा आला मर्यादेच्या सव्वापट. मर्यादेच्या वर गेलं की औषध, हा नियम.

कारखान्याच्या डॉक्टरबाई सलाईनची तयारी करूनच आल्या होत्या. "आजच सुरू करते. आत्ता ते रक्तात फिरतंय, औषध त्याला धरून लघवीतून बाहेर काढेल. एकदा हाडात जाऊन बसलं की औषधाचा हात तिथे पोचत नाही."

मी म्हटलं, "त्याला एकच किडनी आहे."

"माहीत आहे मला. फाइल वाचलीय. एक पुरेशी आहे. रोज रक्त तपासू."

चार वर्षांपूर्वी त्याने दुसरी धाकट्या भावाला दिली. तेव्हापासून त्याच्या कमरेत चमक भरली तरी माझी पाचावर धारण बसते. मी डॉक्टरबाईंना सांगितलं की हा आकडा पैलवानाच्या छातीचा आहे. माझा नवरा काडी आहे. भिंत पातळ असली की आतला आवाज बाहेर जास्त येतो; छाती पातळ असली की किरण जास्त बाहेर येतात. म्हणजे डिटेक्टरने जास्त मोजलंय, आणि आत असलेलं प्रत्यक्षात कमी आहे. कदाचित मर्यादेच्या आतच. मी कंप्युटरवर त्याची छाती उभी करून खरी कार्यक्षमता काढते. दोन दिवस द्या.

डॉक्टरबाई नवऱ्याकडे वळल्या. "निर्णय तुमचा."

तो माझ्याकडे बघून हसला. "आकड्यांचं खातं आमच्या घरात हिच्याकडे आहे."

पैलवानाच्या मापाने सगळ्यांना मोजू नका, हे मी किती वर्षं कंठशोष करून सांगतेय. आता ऐकतील.

मंगळवार, ३ मार्च

लघवी मोजायची म्हणून नवऱ्याला मोठाल्या बाटल्या दिल्या आहेत. दिवसभराची सगळी त्यात साठवायची. तो जाईल तिथे पिशवीत बाटली घेऊन जातो. "इतकी वर्षं नोकरी केली, पण माझ्या कामगिरीची अशी नोंद कुणी ठेवली नव्हती," म्हणाला. आमचं मोजणीचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, त्यामुळे बाटल्या दुसऱ्या शहरात जाणार. निकालाला वेळ लागेल. लागू दे. लघवीवरून छातीचा अंदाज बांधणं म्हणजे सांडपाणी बघून घरात माणसं किती ते सांगणं.

संध्याकाळी चहा पिताना त्याने विचारलं, "तू नेमकं करतेस काय गं?"

सांगितलं. कंप्युटरमध्ये एक छाती उभी करायची. बरगड्या, स्नायू, चरबी, फुप्फुसं, सगळं जागच्या जागी. वर डिटेक्टर, त्याच्या आतल्या स्फटिकासकट. मग फुप्फुसातून एकेक खोटा किरण सोडायचा. तो कुठल्या दिशेने जाईल, वाटेत कशावर आपटेल, हे फासे टाकून ठरवायचं. असे कोट्यवधी सोडायचे आणि स्फटिकात किती पोचले ते मोजायचं.

"म्हणजे शितावरून भाताची परीक्षा."

"तसंच. फक्त शितं कोट्यवधी."

"आणि भात कोण?"

"तू."

हसला, आणि चहा अर्धा ठेवून उठला. काल झोप नव्हती म्हणून असेल.

गुरुवार, ५ मार्च

घोडं अडलं. कंप्युटरवर आधी पैलवानच उभा केला, कारण त्याची खरी कार्यक्षमता मोजलेली आहे. प्रोग्रॅमने तोच आकडा दिला तर प्रोग्रॅमवर भरवसा ठेवायचा, मग नवऱ्याची छाती. तर प्रोग्रॅम अकरा टक्के जास्त सांगतोय. पुन्हा चालवला. पुन्हा अकरा. एका फेरीला अख्खा दिवस जातो.

साहेब म्हणाले, "स्फटिकावरचा निष्क्रिय थर जरा जाड कर. जुळेपर्यंत जाड करत जा. सगळे हेच करतात."

स्फटिकाच्या बाहेरच्या अंगाला एक पातळ थर असतो, त्यात पडलेला किरण मोजला जात नाही. वयानुसार तो जाड होतो हे खरं. पण किती झालाय हे कुणी मोजलेलं नाही, आणि मी उत्तर पाहून गणित मांडणाऱ्यांतली नाही. शाळेत असं करणाऱ्यांना आम्ही नावं ठेवायचो. इथे त्यांना साहेब म्हणतात.

माझ्या नवऱ्याच्या औषधाचा निर्णय मी जुळवलेल्या आकड्यावर घेऊ? जीव गेला तरी नाही.

शुक्रवार, ६ मार्च

डॉक्टरबाईंचा फोन. दोन दिवस संपले म्हणाल्या. मी म्हटलं, अकरा टक्क्यांचा घोळ आहे, तो निस्तरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या म्हणाल्या, "मला अकरा टक्क्यांशी कर्तव्य नाही. आकडा निम्मा असता तरी एक डोस मी दिला असता. त्याने नुकसान काय होणार आहे?"

डॉक्टर लोकांना सुई टोचायची नेहमीच घाई. शरीर त्यांचं नसतं. मी पुन्हा किडनीचं सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग म्हणाल्या, "यजमानांना द्या फोन." तो आंघोळीला गेलाय म्हटलं.

बाहेर आल्यावर केस पुसत विचारलं, "कोण होतं?" मी सांगितलं. जरा वेळ टॉवेल तसाच डोक्यावर धरून उभा राहिला. "घेऊन टाकू का गं इंजेक्शन? एकदाच काय ते."

"चार दिवस थांब. आकडा येऊ दे."

"बरं."

रविवार, ८ मार्च

दिराचा फोन आला. दर रविवारी येतो. त्याची तब्येत ठणठणीत आहे, सगळे रिपोर्ट उत्तम. दोघे भाऊ हसत होते. "तुझा माल बरा चाललाय माझ्याकडे," असं तो दर वेळी म्हणतो. नवऱ्याने त्याला काही सांगितलं नाही. सर्दी झालीय म्हणून रजेवर आहे, एवढंच.

फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "त्याला यातलं काही कळायला नको. उगाच जिवाला लावून घेईल."

मी थर जाड न करता बाकी सगळं तपासलं. पैलवानाच्या प्लास्टिकची घनता, डिटेक्टरच्या खिडकीची जाडी, अंतर. सगळं बरोबर. तरी अकरा. डोकं भणभणलंय. डिटेक्टरच्या कंपनीच्या नकाशात स्फटिक समोरच्या धातूच्या टोपीपासून पाच मिलिमीटर आत आहे असं लिहिलंय. लिहिलंय म्हणजे असेल का?

मंगळवार, १० मार्च

सापडलं!

डिटेक्टर गाडीवर घालून कारखान्याच्या त्या विभागात नेला जिथे पाइपांच्या वेल्डिंगचे एक्स-रे काढतात. तिथला फोरमन म्हणाला, "बाई, हा पेशंट अ‍ॅडमिट करायचा की तपासून घरी?" दोन फोटो काढले. स्फटिक नकाशातल्यापेक्षा चार मिलिमीटर आत बसलाय, आणि किंचित कललाय. कंपनीने कागदावर एक काढलं, बसवलं भलतंच. प्रोग्रॅममध्ये चार मिलिमीटर आत सरकवला, तिरका केला, आणि पैलवान जुळला. फरक एक टक्क्याच्या आत. काही जाड न करता, काही न जुळवता.

साहेबांना फोटो दाखवला. "हा शोधनिबंध होईल," म्हणाले. मला हुंदका आला, ते काम जमल्याचं समाधान होतं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर त्याने मला खांद्याला धरून गोल फिरवलं. फिरवल्यावर धाप लागून खुर्चीत बसला. आठवडाभर घरात बसून अंग जड झालंय त्याचं.

गुरुवार, १२ मार्च

त्याच्या छातीचा स्कॅन झाला. कंप्युटरवर काप उघडले. गळ्यापासून खाली एकेक काप, त्यातल्या एकेका ठिपक्याला सांगायचं: तू हाड, तू स्नायू, तू फुप्फुस. बाविसाव्या वर्षापासून या छातीवर डोकं टेकून झोपतेय. स्नायू किती पातळ आहेत, मला कल्पना नव्हती. कुठेकुठे छातीची भिंत दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. कुणी एवढ्याशा भिंतीच्या आड इतकी वर्षं कसा राहतो!

दिवसभर रंग भरले. हाड पांढरं, फुप्फुस निळं. मग प्रोग्रॅमला सांगितलं, अमेरिशियम फुप्फुसांत सारखं पसर, तिथून किरण सोड.

शनिवार, १४ मार्च

त्याच्या छातीची कार्यक्षमता पैलवानाच्या सव्वापटीहून जास्त, जवळजवळ एक पूर्णांक पस्तीस. म्हणजे पहिल्या दिवशीचं मोजमाप मर्यादेच्या त्र्याण्णव टक्के. मर्यादेच्या आत!

सुंठीवाचून खोकला गेला. मी ऑफिसातच मोठ्याने हसले. पलीकडच्या खोलीतून दोघंजण डोकावून गेले.

डॉक्टरबाईंकडे कागद घेऊन गेले. त्यांनी बघितला. "चूक किती असू शकते यात?"

"सहा टक्के, इकडे किंवा तिकडे."

"म्हणजे नव्व्याण्णवसुद्धा असू शकेल."

"तरी आतच."

त्यांनी कागद परत दिला. "दोन तारखेपासून तुम्ही त्या रेघेकडे बघताय. मी त्यांच्याकडे बघतेय." मला राग आला. मी कुणाकडे बघतेय मग? बारा दिवस मी दुसरं काय केलं?

घरी आले तर हा बटाट्यांची सालं काढत बसला होता. सांगितल्यावर डोळे मिटून घेतले त्याने. हातात सोलाणं तसंच. "विदुषीबाई," म्हणाला, "तुमचे उपकार कसे फेडू?" मी म्हटलं, बटाटे संपव. रात्री दोघं पोटभर जेवलो, बऱ्याच दिवसांनी.

सोमवार, १६ मार्च

दुसरी मोजणी. छातीतली रेघ पहिल्यापेक्षा एक तृतीयांशाने बुटकी. कमी झालंय! औषध न घेता. नवऱ्याने पोलादी खोलीतूनच अंगठा दाखवला. मी साहेबांना सांगितलं, साहेबांनी वरच्या साहेबांना सांगितलं.

फक्त डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला नाही. "छातीतून गेलं, ते गेलं कुठे?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे? लघवीचा निकाल आलेला नाही. गुडघ्यावर डिटेक्टर ठेवून बघाल का? तिथे हाड कातडीलगत असतं."

गुडघ्यावर! गुडघ्याची कार्यक्षमता आमच्याकडे कुठे आहे? पैलवानाला पायच नाहीत. रेघ दिसली तरी तिच्यावरून आकडा कसा काढणार? आकडा काढता येत नाही त्या मोजमापाला काय अर्थ? मी त्यांना हे शांतपणे समजावून सांगितलं. आधी गुडघ्याचा नमुना उभा करते, मग मोजू. आठवडा लागेल.

बुधवार, १८ मार्च

गुडघ्याचं काम सुरू केलं. हाडाचा बाहेरचा कवच-भाग आणि आतला जाळीदार भाग वेगळे करावे लागतात, कारण अमेरिशियम हाडाच्या पृष्ठभागावर बसतं. किचकट आहे. मजाही येतेय.

नवरा आज दुपारी मला न सांगता दवाखान्यात जाऊन आला. मला शेजारणीकडून कळलं. विचारलं तर म्हणाला, "सहज. डॉक्टरबाईंशी गप्पा मारल्या." काय गप्पा? "हाडांच्या." आणि विषय बदलला.

मी रागावले. म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? तो म्हणाला, "तुझ्यावरच आहे. म्हणून तर अडचण आहे." हे काय बोलणं? मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

शुक्रवार, २० मार्च

लघवीचा निकाल आला.

पहिल्याच दिवशीच्या बाटलीत भरपूर निघालंय. भरपूर म्हणजे, जो पदार्थ फुप्फुसात चिकटून बसतो त्याच्या कितीतरी पट. द्रावण होतं ते. पाण्यात विरघळलेलं. फुप्फुसात थांबणार कशाला? पहिल्याच दिवसापासून ते रक्तात उतरत होतं. हे मला शाळकरी पोराने विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. द्रावण म्हणजे काय?

मी प्रोग्रॅमला सांगितलं होतं, सगळे किरण फुप्फुसांतून सोड. त्याने सोडले. आज्ञाधारक आहे तो.

शनिवार, २१ मार्च

सुट्टीचा दिवस असून डॉक्टरबाईंनी पोलादी खोली उघडायला लावली. "मला आकडा नको आहे," त्या म्हणाल्या. "आहे की नाही, एवढंच बघायचंय."

डावा गुडघा. मी पडद्यासमोर बसले. पाऊण तास मोजायचं ठरलं होतं. दहा मिनिटांत रेघ वर आली. सिम्युलेशन नको, कार्यक्षमता नको, आंधळ्यालाही दिसली असती.

काचेपलीकडून त्याचा आवाज आला, "झालं का?" आतल्या माणसाशी बोलायला एक बटण दाबावं लागतं. माझं बोट बटणावर होतं आणि मला दाबता येईना. डॉक्टरबाईंनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः दाबलं. "झालं. या बाहेर," म्हणाल्या. माझ्याशी त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो बुटांच्या नाड्या बांधत होता, खाली मान घालून. नाडी बांधून झाली तरी मान वर केली नाही.

सोमवार, २३ मार्च

सलाईन सुरू झालं. आता रोज, मग दिवसाआड, मग किती महिने ते कुणी सांगत नाही. त्याने विचारलं, "आता उपयोग होईल ना?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "थोडाफार. जे अजून रक्तात येतंय ते पकडू. हाडातलं राहील."

"वरातीमागून घोडं," तो म्हणाला. "पण आलं हे काय कमी आहे."

मी दाराबाहेर त्यांना गाठलं. माझा आकडा कुठे चुकला ते मला ऐकायचं होतं. कुणीतरी सांगायला हवं होतं की स्फटिक कललेला होता, घनता चुकली होती, काहीतरी. त्या म्हणाल्या, "तुमचा आकडा चुकला नाही. छातीत तेवढंच होतं." आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

किडनीचे रोजचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. अगदी नॉर्मल. एका किडनीने औषध असं पेललंय की नर्स कौतुक करत होती.

गुरुवार, २६ मार्च

माझं तोंड मला आरशात बघवत नाही, म्हणून आज केस न विंचरता गेले.

साहेबांनी किरणोत्साराच्या डोसचा हिशेब मागितलाय. शरीरात गेलेल्या पदार्थाचा डोस पुढच्या पन्नास वर्षांचा धरून काढायचा असतो, तो नियमच आहे. नवऱ्याने कॉटवरून कागद वाचला आणि हसत सुटला. "मी सत्तेचाळीसचा. म्हणजे सत्त्याण्णवपर्यंतचा बंदोबस्त! तुमच्या खात्याने आयुष्य द्यायला हात आखडता घेतला नाही हो."

नर्सही हसली. मला हसू आलं नाही. कर्करोग होईलच असं नाही, हे मला कळतं. शक्यता किती, तेही मी सांगू शकते, दशांश चिन्हानंतरच्या दोन घरांपर्यंत. हाडाचा, यकृताचा, वेगवेगळा. त्याने विचारलेलं नाही. विचारलं तर मी काय करू?

साहेबांना म्हटलं, हिशेब दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. ते म्हणाले, तुझ्याइतकं नेमकं इथे कुणाला येतं? बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. आमच्या ऑफिसात रडायला तेवढीच जागा आहे.

शुक्रवार, २७ मार्च

काही नाही. सलाईन. त्याला झोप लागली तेव्हा गुडघ्यावर हात ठेवून बसले. हाताला काय कळणार?

रविवार, २९ मार्च

आज दिराचा फोन आला नाही. तो स्वतःच आला. कुणीतरी सांगितलं असणार. कारखान्याच्या गोष्टी चार भिंतींत राहत नाहीत. वॉर्डाच्या बाहेर मला गाठलं, पिशवी अजून खांद्यालाच होती. प्रवासाने चेहरा उतरलेला, पण तब्येत चांगली. रंग तर नवऱ्यापेक्षा तुकतुकीत.

"वहिनी, मला का नाही सांगितलंत?"

"त्यानेच नको म्हटलं."

"खालच्या काउंटरवर एकजण म्हणाला, औषध पहिल्याच दिवशी घ्यायला हवं होतं. खरंय?"

"हो."

"मग घेतलं का नाही?"

तो माझ्याकडे बघत होता. डोळे अगदी भावासारखे आहेत, हे इतक्या वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं. मला सांगता आलं असतं. अकरा टक्के. चार मिलिमीटर. पैलवान. मी कितीदा थांबवलं, त्याने टॉवेल डोक्यावर धरून काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं. दोन वाक्यांत झालं असतं.

मी म्हटलं, "त्याला एकच किडनी आहे ना, भाऊजी. औषध तिच्यावर जड जाईल म्हणून थांबलो."

त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग त्याचा हात पोटाच्या उजव्या बाजूला गेला, खाली, जिथे ती बसवली आहे, आणि तिथेच राहिला. त्याने मान हलवली फक्त, समजल्यासारखी. डॉक्टरबाई फाइल घेऊन मागून येत होत्या. त्यांनी ऐकलं. त्या थबकल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेल्या.

तोही आत गेला. मला नवऱ्याचा आवाज आला, "अरे, तू? ये ये." मग, "अरे वेड्या, रडतोस काय? काय झालं? कुणी काय सांगितलं तुला?"

नंतर नवऱ्याने मला हाक मारली. दोनदा. दुसऱ्या वेळी जरा मोठ्याने.

एक पुरेशी आहे, असं डॉक्टरबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मी ऐकलं होतं. मी दिराच्या पिशवीजवळ भिंतीला टेकून उभी राहिले. आत गेले नाही.